तुलनेची सत्तेचाळीस गावं

प्रश्न : माझा मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजनं ‘रिसर्च प्रोजेक्ट’ करायला सांगितला आहे. त्यानं ‘ग्रामीण भागातील बालकांचे आरोग्य’ असा विषय घेतला, नेटवरून आणि दोन पुस्तकांतून मजकूर जमवला, सुबक टाइप केला आणि स्पायरल बाइंडिंग करून आणलं. मी त्याला म्हटलं, हे तर लोकांनी आधीच लिहून ठेवलं आहे, यात तू काय शोधलंस? तो गप्प बसला. पुढं काय सांगावं हे मलाही सुचेना. माहिती गोळा करणं आणि संशोधन करणं यात नेमका फरक काय? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : तुम्ही मुलाला जे विचारलं तेच त्याच्या प्राध्यापकांनी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. ‘ग्रामीण भागातील बालकांचे आरोग्य’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषयावर हवं तेवढं लिहिता येतं, म्हणून पानं भरतात. प्रश्नाला मात्र उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तराला चुकायची सोय असावी लागते. जे लिहिलं ते चूक निघूच शकत नाही, अशा लिखाणाला संशोधन म्हणता येणार नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आपल्याच राज्यातलं एक काम घेऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. या जिल्ह्यात जन्मल्यानंतर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच अनेक बाळं दगावत. वैद्यकशास्त्रात नवजात मृत्यू मोजताना हाच काळ धरतात. अशा बाळाचा इलाज म्हणजे हॉस्पिटल, काचेची पेटी, बालरोगतज्ज्ञ, असं तेव्हा धरलं जाई. गडचिरोलीच्या गावांत यातलं काहीच नव्हतं. बहुतेक बाळंतपणं घरी होत आणि जन्मलेल्या बाळाला घराबाहेर नेत नसत.

इथून ‘आदिवासी भागातील बालमृत्यू : एक अभ्यास’ असा प्रबंध सहज लिहून झाला असता. त्यांनी विचारलं ते वेगळं होतं. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाईला प्रशिक्षण दिलं, तिनं घरोघरी जाऊन बाळ तपासलं, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू केला, कमी वजनाच्या बाळाला ऊब दिली, अंगावर पाजण्यातल्या अडचणी सोडवल्या आणि जंतुसंसर्ग ओळखून औषधही दिलं, तर तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू किमान २५ टक्क्यांनी कमी होतील का?

या वाक्यात कोण, कुठं, काय करणार, किती काळात आणि किती फरक पडणार हे सगळं आलं आहे. मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले नाहीत तर ‘नाही’ असं उत्तर येईल, तेही सगळ्यांसमोर. तो धोका त्यांनी आधीच पत्करला होता.

उत्तर कसं मिळवायचं, हा यापुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सरळ बुद्धीला सुचतं ते असं : बायकांना शिकवा, तीन वर्षं थांबा, मृत्यू मोजा, आधीपेक्षा कमी झाले तर यश. पण तीन वर्षांत इतरही बरंच काही बदलतं. रस्ता होतो, सरकारी योजना येते, पाऊसपाणी चांगलं होतं, लोकांच्या हातात चार पैसे येतात. मृत्यू त्यामुळं कमी झाले नसतील कशावरून? या शंकेला उत्तर देता यावं म्हणून त्यांनी ३९ गावांत हा उपक्रम केला आणि त्याच जिल्ह्यातली ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. त्या गावांत नेहमीच्या आरोग्यसेवा चालू होत्या, फक्त हा उपक्रम नव्हता. रस्ता, योजना, पाऊस यांचा परिणाम दोन्हीकडे दिसणार होता. फरक उरला तर तो या एका गोष्टीचा मानता येईल.

काम सुरू करण्याआधी १९९३ ते ९५ अशी दोन वर्षं त्यांनी दोन्हीकडचे जन्म-मृत्यू नुसते नोंदवले. दर हजार जिवंत जन्मांमागं नवजात मृत्यू एकीकडं ६२ होते, दुसरीकडं ५८. म्हणजे सुरुवातीला दोन्ही गट जवळपास सारखे होते, हे त्यांनी दाखवून ठेवलं. मग १९९५ ते ९८ प्रत्यक्ष काम झालं. जन्म-मृत्यूची नोंद बाळांवर उपचार करणाऱ्या बायकांकडं नव्हती, ती वेगळे कार्यकर्ते ठेवत. ही गोष्ट वाचताना पटकन निसटते, पण तिच्याकडं नीट बघा. जी बाई बाळ वाचवायला धडपडते तिचं मन मृत्यू कमी दिसावेत असंच म्हणणार. ती खोटं लिहील असं नाही, पण जन्मताच गेलेलं बाळ ‘मेलेलंच जन्मलं’ असं नोंदवण्याकडं कल होऊ शकतो. माणसाच्या चांगुलपणावर अविश्वास न दाखवता त्याच्या चुकीची वाट बंद करायची, याला संशोधनाची पद्धत म्हणतात.

तिसऱ्या वर्षी ३९ गावांतला नवजात मृत्युदर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो होता तिथंच राहिला. दोन्हींचा हिशेब मांडून निघालेली घट ६२ टक्के होती. डिसेंबर १९९९ मध्ये हा पेपर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०११ साली केंद्र सरकारनं आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. तुमच्याकडं बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी आशाताई येतात, त्यामागं हे काम आहे.

तुमच्या मुलाला अशी सत्तेचाळीस गावं कुठून मिळणार? ती लागतही नाहीत. ‘आमच्या गावात गेल्या वर्षी जन्मलेल्या बाळांकडं आशाताईंच्या ठरलेल्या सगळ्या भेटी झाल्या का आणि न झालेल्या भेटींचं कारण काय?’ एवढा प्रश्न एका विद्यार्थ्याला एका सत्रात पुरतो. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर सहा भेटी आणि घरी झालं असेल तर सात, असं वेळापत्रकच ठरलेलं आहे. त्यानं परवानगी घ्यावी, नोंदवही पाहावी, त्या घरांतल्या आयांना भेटावं आणि वही काय सांगते, आया काय सांगतात हे शेजारी शेजारी मांडावं. हे नेटवर कुठंच लिहिलेलं सापडणार नाही. ते त्यानंच शोधलेलं असेल.

प्रश्न : आमच्या गाईड म्हणतात, प्रबंधात सुरुवातीला गृहीतकं लिहायची आणि शेवटच्या प्रकरणात ती सिद्ध झाली असं दाखवायचं. सगळ्यांचे प्रबंध असेच आहेत. निष्कर्ष आधीच ठरलेला असेल तर मधली चार वर्षं कशासाठी? (एक संशोधक विद्यार्थिनी)

उत्तर : गृहीतक आधी लिहायचं हे बरोबर आहे. ते सिद्धच झालं पाहिजे, हे चूक आहे. वर सांगितलेल्या कामात २५ टक्के हा आकडा आधी लिहून ठेवला होता, कारण नंतर मिळेल त्या आकड्याला यश म्हणण्याची वाट त्यामुळं बंद होते. गृहीतक आधी लिहिण्याचं कारण एवढंच आहे. ते आपल्याला बांधून ठेवतं.

आपल्याकडं सरसकट ‘प्रस्तुत गृहीतक सिद्ध झाले’ असं वाक्य येतं, कारण गृहीतकंच तशी घेतलेली असतात. ‘शिक्षणामुळे समाजाचा विकास होतो.’ याच्या उलट कोण म्हणणार आहे? अशा विधानाला तपासणीचा काच लागतच नाही. तुमच्या गृहीतकाच्या विरुद्ध बाजूनं बोलणारा एक शहाणा माणूस तुम्हाला डोळ्यांसमोर आणता आला पाहिजे. तो येत नसेल तर गृहीतक बदला.

आणि ते खोटं निघालं तर प्रबंध वाया गेला असं समजू नका. ‘मला असं वाटलं होतं, तसं नाही, आणि हा त्याचा पुरावा’ हे वाक्य ज्ञानात भर घालतं. पुढच्या माणसाची ती चार वर्षं वाचतात. गाईड ऐकत नसतील तर शांतपणे, पुरावे घेऊन, पुन्हा जा. काम तुमच्या नावावर होणार आहे.

प्रश्न : प्रश्नावली किती लोकांकडून भरून घ्यावी? कुणी शंभर सांगतं, कुणी तीनशे. मी गुगल फॉर्म केला आहे आणि सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आहे. (नाशिक)

उत्तर : किती हा दुसरा प्रश्न. कोण, हा पहिला.

तुमच्या ग्रुपवरचे लोक तुमच्यासारखे असतात : त्याच वयाचे, त्याच शिक्षणाचे, स्मार्टफोन वापरणारे. त्यांतले ज्यांना वेळ आहे आणि विषयाबद्दल काही वाटतं तेच फॉर्म भरतात. असे पाच हजार फॉर्म आले तरी ते नाशिकचं मत होत नाही. संख्या वाढल्यानं ही चूक कमी होत नाही, उलट चुकीवरचा आपला विश्वास वाढतो.

बंग दांपत्याचंच आणखी एक काम इथं आठवतं. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्येच त्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास छापला. तोवर स्त्रीरोगांची माहिती मुख्यतः दवाखान्यात आलेल्या बायकांवरून मिळे. दवाखान्यात कोण येते? जिला त्रास असह्य झाला आहे, जिला घरचे येऊ देतात, जिच्याकडं एस.टी.च्या भाड्याला पैसे आहेत आणि जिला अंगावरचं दुखणं सांगायची लाज आवरता येते ती. न आलेल्या बायकांचं काय, हे त्या आकड्यांतून कधीच कळणार नव्हतं. म्हणून या अभ्यासात गावात जाऊन ६५० स्त्रिया तपासल्या गेल्या. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या. तपासणीत एक तरी स्त्रीरोग आढळलेल्या ९२ टक्के निघाल्या. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

दोनच गावं, साडेसहाशे स्त्रिया. तरीही या अभ्यासानं जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांचं लक्ष ग्रामीण स्त्रियांच्या या दुखण्याकडं वळवलं, कारण न आलेल्यांपर्यंत तो पोहोचला. नुसतं ‘तुम्हाला त्रास आहे का’ असं विचारून तो थांबला असता तरी निम्मं चित्र हातचं गेलं असतं, हेही त्या आकड्यांत आहे. सवयीचं झालेलं दुखणं माणूस तक्रार म्हणून सांगत नाही. प्रश्नावलीवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तेव्हा आधी ठरवा, तुम्हाला कुणाबद्दल बोलायचं आहे. त्या सगळ्यांची यादी कुठं मिळेल ते पाहा : मतदारयादी, शाळेचा पट, सोसायटीचे सभासद, काहीही. त्या यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढा आणि निघालेल्या माणसाकडं स्वतः जा, तो भेटेपर्यंत जा. मग संख्येचं गणित संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडून करून घ्या. ते तुमचा प्रश्न ऐकल्याशिवाय आकडा सांगणार नाहीत. आणि ज्यांच्याकडं जाल त्यांना कशासाठी विचारता ते सांगा, नाही म्हणण्याचा हक्क द्या, नावं गुप्त ठेवा. माणसांवरच्या संशोधनासाठी नैतिकता समितीची मान्यता लागते. तिला कागदी सोपस्कार समजू नका.

प्रश्न : हे सगळं शास्त्राच्या मुलांना ठीक आहे. मी मराठी साहित्यात पीएच.डी. करते. आम्ही कुठले तुलनेचे गट करणार? साहित्यात प्रत्येकाचं मत वेगळं असतं, मग संशोधन कशाला म्हणायचं? (कोल्हापूर)

उत्तर : तुमच्यासाठी उदाहरण पुण्यातच आहे, आणि ते जगात मानलं जातं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं १९१९ साली महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार करायला घेतली. ती १९६६ साली पुरी झाली.

महाभारताची हस्तलिखितं काश्मीरपासून केरळपर्यंत वेगवेगळ्या लिप्यांत होती आणि कुठल्याही दोन पोथ्या तंतोतंत सारख्या नव्हत्या. लेखनिकांनी श्लोक गाळले, घातले, बदलले. मग जुना पाठ कोणता? इथं ‘मला हा श्लोक सुंदर वाटतो, म्हणून तो व्यासांचा’ असं म्हणणारे कमी नव्हते. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ मध्ये मुख्य संपादक झाले. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृत शिकून आलेला हा माणूस. त्यांनी सौंदर्याचा निकष बाजूला ठेवला. पोथ्यांचा मजकूर अक्षर-अक्षर चौकटींच्या कागदावर एकाखाली एक उतरवून घेतला जाई आणि फरक नोंदले जात. या सगळ्या उपक्रमात १२५९ हस्तलिखितं पाहिली गेली.

निवड करायचं मुख्य तत्त्व असं : ज्या परंपरांचा एकमेकींशी संबंध येण्याचा संभव कमी, त्यांत एकच पाठ आला तर तो जुना असण्याची शक्यता जास्त. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी यांनी एकमेकींकडून उतरवून घेतलं असेल असं मानणं कठीण. त्या दोघींत एखादा श्लोक नसेल आणि मधल्या प्रांतांतल्या पोथ्यांतच असेल, तर तो नंतर आलेला असावा. मघाची सत्तेचाळीस गावं आठवा. तिथं ‘दुसरं कारण असू शकेल का’ या शंकेला उत्तर द्यायचं होतं, इथं ‘एकानं दुसऱ्याचं उतरवलं असेल का’ या शंकेला. साधन वेगळं आहे, सावधगिरी तीच आहे.

या पद्धतीनं जे निघालं ते अनेकांना रुचलं नाही. व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहून घ्यावं, ही घराघरांत सांगितली जाणारी कथा मुख्य संहितेत राहिली नाही, ती परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीनं केलेला कृष्णाचा धावाही संहितेबाहेर गेला. हा प्रसंग ज्यात येतो त्या सभापर्वाचे संपादक होते अमेरिकेचे फ्रँकलिन एजर्टन. परंतु वगळलेलं काहीही फेकलं गेलं नाही. पानाच्या वरच्या भागात स्वीकारलेला श्लोक आणि खाली कोणत्या पोथीत काय आहे याची नोंद, अशी ती सारी पानं आहेत. संपादकाचा निर्णय न पटलेला वाचक खालच्या नोंदी वापरून आपला वेगळा पाठ उभा करू शकतो. हा मोठेपणा मला निर्णयाहूनही मोठा वाटतो. आपल्याला खोडून काढण्याची साधनं त्यांनी वाचकाच्या हातात दिली.

आणि विरोध झालाही. अशी एकच मूळ संहिता मागे जाऊन मिळवता येते का, यावर फ्रान्सच्या सिल्व्हाँ लेव्हींपासून मादलेन ब्यार्दोंपर्यंत अभ्यासकांनी आक्षेप घेतले. सुकथनकरांनीही आपण व्यासांचं मूळ महाभारत दिलं असा दावा कधी केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जिथपर्यंत मागे जाता येतं तिथपर्यंत आपण गेलो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुराव्याच्या पलीकडं एक पाऊल टाकायचं नाही, ही शिस्त साहित्याच्या संशोधकाला सगळ्यात जास्त लागते. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’ लिहिताना हीच आवृत्ती आधाराला घेतली. ‘युगान्त’मधली मतं त्यांची स्वतःची आहेत, धाडसी आहेत, पण ती कोणत्या पाठावर उभी आहेत हे वाचकाला कळतं. मतं वेगळी असायला काहीच हरकत नाही. माझं मत ज्या ओळींवरून झालं त्या ओळी दाखवणं, माझ्या मताच्या विरुद्ध जाणाऱ्या ओळी न लपवणं आणि याआधी कुणी काय म्हटलं आहे ते वाचून त्याला उत्तर देणं, एवढं केलं की समीक्षेचं संशोधन होतं.

प्रश्न : पेपर मोठ्या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये आला म्हणजे तो खरा मानायचा ना? व्हॉट्सअॅपवर तर कशालाही ‘संशोधनात सिद्ध झाले आहे’ असं लिहितात. (पणजी)

उत्तर : छापून येणं ही परीक्षेची सुरुवात आहे.

जर्नलकडं पेपर गेला की संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांना पाठवतात. ते पद्धत, आकडे, दावे तपासून शंका काढतात. लेखकाला उत्तरं द्यावी लागतात, दुरुस्त्या कराव्या लागतात, पुष्कळदा पेपर परत जातो. याला समीक्षण म्हणतात, आणि ते हवंच. पण समीक्षक पाठवलेला मजकूर वाचतात, तुमच्या वहीतल्या मूळ नोंदी पाहायला घरी येत नाहीत.

ज्या ‘लॅन्सेट’नं डिसेंबर १९९९ मध्ये गडचिरोलीचं काम छापलं, त्याच ‘लॅन्सेट’नं फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा एक पेपर छापला होता. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्यावरच्या एकत्रित लसीचा संबंध त्यात ऑटिझमशी सुचवला होता. त्यात मुलं होती १२. तुलनेचा गट नव्हता. ही लस आणि ऑटिझमची पहिली लक्षणं यांचं वय साधारण एकच असतं, तेव्हा एकापाठोपाठ एक आलेल्या दोन गोष्टी कारण आणि परिणाम वाटणं साहजिक आहे. ती शंका दूर करायला तुलना लागते, आणि तीच तिथं नव्हती.

वर्तमानपत्रांनी तो विषय उचलला, आईबाप घाबरले आणि ब्रिटनमध्ये या लसीचं प्रमाण काही वर्षांत ८० टक्क्यांच्या आसपास घसरलं. दरम्यान इतर संशोधक कामाला लागले. डेन्मार्कमध्ये १९९१ ते ९८ या काळात जन्मलेल्या ५ लाख ३७ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वेगळं नव्हतं. हा अभ्यास २००२ साली आला. लस कंपन्यांवर दावे लावणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळाले होते आणि ते त्यांनी सांगितलं नव्हतं, हे पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ मध्ये उघड केलं. दहा सहलेखकांनी त्या निष्कर्षापासून अंग काढून घेतलं. २०१० साली ‘लॅन्सेट’नं पेपर मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांची डॉक्टर म्हणून नोंदणी रद्द झाली. बारा वर्षं लागली. तेवढ्यात पसरलेली भीती अजून पुरती गेलेली नाही.

गडचिरोलीच्या पेपरावरही शंका घेतल्या गेल्या, आणि त्या रास्त होत्या. कुठली गावं कामाची आणि कुठली तुलनेची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. एका निष्ठावान संस्थेला जमलं ते इतरांना जमेल का, हाही प्रश्न होता. याचं उत्तर बंग दांपत्यानं देऊन भागणार नव्हतं, ते दुसऱ्यांनीच द्यायला हवं होतं. २००८ साली दोन अभ्यास आले. बांगलादेशात सिल्हेटला आणि उत्तर प्रदेशात शिवगडला चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते, कामाचं स्वरूप थोडं वेगळं होतं. सिल्हेटमध्ये अखेरच्या सहा महिन्यांत नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी निघाले, शिवगडमध्ये ५४ टक्क्यांनी. आकडा कमी-जास्त आला, दिशा तीच राहिली.

एकाच नियतकालिकातले, दोन वर्षांच्या आतले हे दोन पेपर. एक दुसऱ्यांच्या तपासणीत टिकला, एक पडला. म्हणून ‘संशोधनात सिद्ध झाले आहे’ असा निरोप आला की मी तीन गोष्टी विचारते : तुलना कशाशी केली, माणसं किती आणि कशी निवडली, आणि दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तपासून पाहिलं का. निरोप पाठवणाऱ्याला यातलं एकही सांगता आलं नाही तर तो पुढं पाठवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. विशेषतः औषधपाण्याबद्दलचा.

प्रश्न : संदर्भ किती द्यायचे? सॉफ्टवेअरमध्ये मजकूर १० टक्क्यांच्या आत जुळला की चालतो असं ऐकलं. (नांदेड)

उत्तर : यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर विद्यार्थ्याची त्या अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द होते. पण तो शिक्षेचा हिशेब आहे, प्रामाणिकपणाचा नव्हे. शब्द इकडचे तिकडे करून टक्केवारी खाली आणलेला मजकूर चोरीचाच राहतो. दुसऱ्याचा विचार, आकडा, वाक्य घेतलं की नाव द्यायचं, मग ते किती वेळा द्यावं लागेल ते लागो.

संदर्भ द्यायचा तो वाचकाला त्या पानापर्यंत जाऊन आपल्याला तपासता यावं म्हणून. त्यामुळं स्वतः न उघडलेल्या पुस्तकाचा संदर्भ कधीही देऊ नका. चॅटजीपीटीसारखी साधनं वापरणाऱ्यांनी तर फारच जपावं. अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची आणि पेपरांची नावं, लेखक आणि वर्षासकट, ती खात्रीनं सांगतात. अशी एक नोंद व्हायवात सापडली तर उरलेल्या दोनशे नोंदींवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : घरात कुणी शिकलेलं नाही, गाईडना वेळ नाही. सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थी, यवतमाळ)

उत्तर : ‘शोधगंगा’वरून. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथं ठेवले जातात, मराठीतलेही, आणि वाचायला एक पैसा लागत नाही. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. तुमच्या विषयातले पाच प्रबंध काढा. सगळे चांगले नसतील, आणि त्यानंच शिकायला मिळेल. प्रत्येकाचा प्रश्न काय होता, उत्तर कसं शोधलं आणि कुठं थांबले हे वहीत लिहा. शेवटच्या प्रकरणात ‘पुढील संशोधनाच्या दिशा’ असा भाग असतो, तो नीट वाचा. तिथं पुष्कळदा कुणी तरी तुमच्यासाठी प्रश्न ठेवून गेलेलं असतं.

मग तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा आणि गाईडकडं जाण्याआधी तो घरी आईवडिलांना वाचून दाखवा. शिकलेले नसले तरी चालेल. ‘हे कळून कुणाचं काय होणार?’ असं ते विचारतील. त्यांना पटेल असं उत्तर देता येईपर्यंत ते वाक्य पुन्हा पुन्हा लिहा. जमलं की आम्हालाही कळवा, याच सदरात छापू.